१ मे : कामगार, भाषा आणि राज्य यांचा एक दिवस

१ मे या तारखेला महाराष्ट्रात सरकारी सुटी असते. महाराष्ट्र राज्य १९६० मध्ये याच दिवशी अस्तित्वात आले. जगातील अनेक देशांत हा आंतरराष्ट्रीय कामगार दिन आहे आणि त्याचे मूळ १८८६ च्या अमेरिकेतील संपात आहे. गुजरातचा स्थापना दिनही हाच. महाराष्ट्रात जिल्हा परिषदांचा कारभार १ मे १९६२ रोजी सुरू झाला, मराठी ही राज्यकारभाराची भाषा म्हणून १ मे १९६६ पासून अमलात आली आणि पुढे चार नवे जिल्हे याच तारखेला नकाशावर आले.

एका तारखेवर अनेक घटना जमा होतात त्या दोन प्रकारांनी. काही निव्वळ योगायोगाने एकत्र येतात. काहींच्या बाबतीत आधीच्या घटनेची आठवण ठेवून पुढची तारीख ठरवली जाते. १ मेच्या इतिहासात हे दोन्ही प्रकार आढळतात. कामगारांनी आपल्या वेळेवर सांगितलेला हक्क, भाषिक समाजाने मागितलेले राज्य, गावपातळीवर गेलेला कारभार आणि लोकांच्या भाषेत चालणारे सरकार या घटना वरवर वेगवेगळ्या दिसतात. सामान्य माणसाचे जगणे ज्या निर्णयांवर चालते त्यांत त्याचा शब्द असावा, ही मागणी मात्र त्या सर्वांमागे आहे.

योगायोगाच्या घटना

इंग्लंड आणि स्कॉटलंड ही दोन राज्ये १ मे १७०७ रोजी एकत्र येऊन ग्रेट ब्रिटन हे राज्य बनले. दोन्ही देशांच्या संसदांनी मान्य केलेल्या करारात ही तारीख आधीच नमूद होती. ब्रिटनमध्ये तेव्हा जुने ज्युलियन पंचांग चालू होते, त्यामुळे आजच्या ग्रेगोरियन पंचांगाने तो दिवस १२ मे ठरतो. ब्रिटनने १७५२ मध्ये पंचांग बदलले. त्यापूर्वीच्या ब्रिटिश तारखा आजच्या तारखांशी जुळवताना हा फरक लक्षात घ्यावा लागतो.

जगातील पहिले चिकटवण्याचे टपाल तिकीट, ‘पेनी ब्लॅक’, १ मे १८४० रोजी ब्रिटनमध्ये विक्रीस आले आणि ६ मेपासून वापरात आले. त्यापूर्वी टपालखर्च बहुधा पत्र घेणाऱ्याकडून वसूल होई आणि तो अंतरावर व कागदांच्या संख्येवर ठरे. रोलंड हिल यांच्या योजनेने हा खर्च पाठवणाऱ्याने आधी भरावा आणि देशभर एकच दर असावा, असे ठरले. ही पद्धत भारतात प्रथम मुंबई इलाख्यातील सिंध प्रांतात आली. सिंधचे आयुक्त बार्टल फ्रिअर यांनी १८५२ मध्ये तेथे तिकिटे काढली. हेच फ्रिअर पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. त्यांच्या कारकिर्दीत मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडली गेली आणि १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभे राहिले. या कारंज्याच्या चौकाचा संबंध शतकभराने १ मेच्या इतिहासाशी यायचा होता.

लंडनच्या हाइड पार्कमध्ये १ मे १८५१ रोजी राणी व्हिक्टोरियाने औद्योगिक प्रदर्शनाचे उद्घाटन केले. लोखंड आणि काच यांच्या ‘क्रिस्टल पॅलेस’मध्ये भरलेले हे प्रदर्शन पुढच्या साडेपाच महिन्यांत ६० लाखांहून अधिक लोकांनी पाहिले. कापूस कातण्याची आणि कापड विणण्याची वाफेवरची यंत्रे तेथे मांडलेली होती, आणि भारतातून गेलेले हातमागाचे कापडही होते. यानंतर तीनच वर्षांनी, १८५४ मध्ये, कावसजी दावर यांनी मुंबईत सूतगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला गिरणीचे काम सुरू झाले.

स्वामी विवेकानंदांनी रामकृष्ण मिशनची स्थापना १ मे १८९७ रोजी कोलकात्यात, बागबाजार येथील बलराम बोस यांच्या घरी भरलेल्या सभेत केली. या घटनेचा कामगार दिनाशी संबंध नाही.

आठ तासांची मागणी

१ मेला जगभर अर्थ दिला तो आठ तासांच्या दिवसाच्या मागणीने. अमेरिकेतील कारखान्यांत एकोणिसाव्या शतकात दहा ते बारा तास, काही धंद्यांत त्याहूनही जास्त वेळ काम चाले. शिकागो येथे १८८४ मध्ये भरलेल्या कामगार संघटनांच्या महासंघाच्या अधिवेशनात एक ठराव झाला : १ मे १८८६ पासून आठ तास म्हणजे कामाचा पूर्ण दिवस मानला जावा. तयारीसाठी दीड वर्षाचा अवधी ठेवलेला होता. अमेरिकेतील अनेक शहरांत त्या काळी घरांचे भाडेकरार १ मे रोजी संपत आणि नवे सुरू होत. नवा व्यवहार सुरू होण्याचा दिवस म्हणून ही तारीख तेथील लोकांच्या परिचयाची होती.

ठरल्याप्रमाणे १ मे १८८६ रोजी, शनिवारी, अमेरिकेतील लाखो कामगारांनी काम थांबवले. शिकागोत संपाचा जोर सर्वांत मोठा होता. ३ मे रोजी तेथील मॅकॉर्मिक कारखान्यासमोर पोलिसांच्या गोळीबारात कामगार मारले गेले. त्याच्या निषेधार्थ ४ मे रोजी रात्री हेमार्केट चौकात सभा झाली. सभा संपत आली असताना पोलिसांची तुकडी पुढे आली आणि कोणीतरी तिच्यावर बॉम्ब फेकला. स्फोट आणि त्यानंतरचा गोळीबार यांत सात पोलीस आणि काही नागरिक मरण पावले. बॉम्ब फेकणारा कधीच सापडला नाही. तरीही आठ कामगार नेत्यांवर खटला चालवण्यात आला. ऑगस्ट स्पाइस, अल्बर्ट पार्सन्स, अॅडॉल्फ फिशर आणि जॉर्ज एंगेल यांना ११ नोव्हेंबर १८८७ रोजी फाशी देण्यात आली. लुई लिंग यांचा आदल्या दिवशी कोठडीत मृत्यू झाला. उरलेल्या तिघांना १८९३ मध्ये इलिनॉयचे गव्हर्नर जॉन आल्टगेल्ड यांनी माफी दिली आणि त्या वेळी त्यांनी खटल्याच्या निःपक्षपातीपणावर स्पष्ट आक्षेप नोंदवले.

पॅरिसमध्ये जुलै १८८९ मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेने १ मे १८९० रोजी सर्व देशांतील कामगारांनी आठ तासांच्या मागणीसाठी एकाच वेळी निदर्शने करावीत, असा ठराव केला. युरोपातील अनेक शहरांत त्याप्रमाणे निदर्शने झाली. एका वर्षापुरता ठरवलेला हा कार्यक्रम दरवर्षी होऊ लागला. ज्या देशात ही तारीख जन्मली त्या अमेरिकेत मात्र सरकारने १८९४ च्या कायद्याने सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारची सुटी कामगारांना दिली आणि अधिकृत कामगार दिन १ मेपासून वेगळा राहिला.

मुंबईतील समांतर लढा

शिकागोत ठराव होत होता त्याच वर्षी मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांना एकत्र आणत होते. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते होते. कृष्णराव भालेकर यांनी पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे पत्र त्यांनी १८८० मध्ये मुंबईत आणून चालवले. गिरण्यांत तेव्हा सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. उन्हाळ्यात हा दिवस तेरा-चौदा तासांचा होई. आठवड्याची ठरलेली सुटी नव्हती आणि पगार हातात पडायला दोन-दोन महिने लागत.

लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळ भागात कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारच्या चौकशी आयोगापुढे ठेवला. रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार आणि कामावर जखमी झालेल्याला भरपाई, या त्यातील मागण्या होत्या. आठ तासांचा उल्लेख त्यांत नव्हता. बैल आणि यंत्रे यांनाही विसावा मिळतो, माणसाला मात्र नाही, अशा परिस्थितीत पहिली मागणी विश्रांतीचीच होती.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथील रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. युरोपातील पहिला मे दिन यानंतर आठवड्यानेच होता, पण मुंबईची ही सभा स्वतंत्रपणे, येथल्या प्रश्नावर आणि येथल्या भाषेत झाली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली.

कायद्याची वाट यापेक्षा लांबची होती. भारतातील १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने फक्त लहान मुलांच्या कामाला मर्यादा घातली. १८९१ मध्ये स्त्रियांसाठी अकरा तासांची मर्यादा आणि साप्ताहिक सुटी आली. प्रौढ पुरुषांसाठी कापड गिरण्यांत बारा तासांची मर्यादा १९११ मध्ये घातली गेली. १९२२ मध्ये आठवड्याला ६० तास आणि १९३४ मध्ये ५४ तास ठरले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना १९४६ मध्ये दुरुस्ती होऊन आठवड्याची मर्यादा ४८ तासांवर आली, म्हणजे सहा दिवसांच्या आठवड्यात रोजचे आठ तास. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाना कायद्याने तीच कायम ठेवली. लोखंडे यांच्या अर्जापासून १९४६ च्या दुरुस्तीपर्यंत ६२ वर्षे लागली.

भारतात लाल झेंड्याखाली पहिला मे दिन १ मे १९२३ रोजी मद्रासमध्ये साजरा झाला. सिंगारवेलू चेट्टियार यांनी त्या दिवशी समुद्रकिनाऱ्यावर दोन ठिकाणी सभा घडवून आणल्या आणि मजूर-किसान पक्षाची घोषणा केली. मुंबईच्या गिरणगावात १९२८ च्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपातून लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. पुढच्याच वर्षी तिच्या पुढाऱ्यांना, त्यांत श्रीपाद अमृत डांगे आणि शांताराम मिरजकर होते, मीरत कटाच्या खटल्यात अटक झाली. लालबाग, परळ, डिलाइल रोड या भागांत मे दिनाच्या प्रभातफेऱ्या आणि मोर्चे यांची परंपरा याच काळात रुजली. कोकणातून आणि देशावरून आलेल्या चाकरमान्यांची चाळीतली वस्ती, गावकीच्या खोल्या आणि खाणावळी यांच्या आधाराने ही संघटना टिकली. हाच समाज पुढे मराठी राज्याच्या चळवळीचा कणा झाला.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ

मराठी भाषकांचे एक राज्य असावे, असा ठराव १२ मे १९४६ रोजी बेळगावच्या मराठी साहित्य संमेलनात झाला. अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर होते. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईत शंकरराव देव यांच्या नेतृत्वाखाली संयुक्त महाराष्ट्र परिषद स्थापन झाली. मराठी मुलूख तेव्हा तीन सत्तांखाली विभागलेला होता : मुंबई इलाखा, मध्य प्रांत-वऱ्हाड आणि निजामाचे हैदराबाद संस्थान. शिवाय लहानमोठी संस्थाने होती. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्या नेत्यांनी एकत्र येण्याच्या अटी मान्य केल्या. नागपूरला विधिमंडळाचे वर्षातून एक अधिवेशन भरते, त्याचा उगम या करारात आहे.

मुख्य वाद मुंबईचा होता. शहरातील श्रम बहुतांशी मराठी माणसाचे होते, भांडवल बहुतांशी इतरांचे, आणि शहराच्या लोकसंख्येत मराठी भाषक निम्म्याहून कमी होते. फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये गुजरात-महाराष्ट्राचे द्वैभाषिक राज्य आणि वेगळा विदर्भ सुचवला. त्यानंतर मुंबई वेगळी ठेवण्याचे प्रस्ताव पुढे आले आणि असंतोष रस्त्यावर आला. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत कामगारांनी लाक्षणिक संप केला. विधानसभेवर निघालेला मोर्चा फ्लोरा फाउंटनपाशी अडवला गेला. लाठीमार आणि अश्रुधुरानंतर पोलिसांनी गोळीबार केला आणि १५ जणांचा मृत्यू झाला. १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा केल्यावर शहर पुन्हा पेटले आणि त्या आठवड्यातील गोळीबारांत बळींची संख्या कितीतरी वाढली. चळवळीतील १०५ हुतात्मे असा जो उल्लेख होतो, त्यांत गिरण्यांत आणि छोट्या धंद्यांत काम करणाऱ्यांचा भरणा मोठा होता. केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात केशवराव जेधे यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या बैठकीत संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन आणि इतर पक्ष तिच्यात एकत्र आले. एस. एम. जोशी, डांगे, आचार्य अत्रे, नानासाहेब गोरे, प्रबोधनकार ठाकरे, सेनापती बापट यांच्या सभांना मैदाने अपुरी पडत. अत्र्यांचे ‘मराठा’ हे दैनिक रोज सकाळी चळवळीची बातमी घरोघर नेई. शाहीर अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक गिरणगावात आधीपासून कामगारांच्या प्रश्नांवर गात होते. त्याच डफ-तुणतुण्यावर आता मुंबईची मागणी गायली जाऊ लागली. कलावंत तेच होते, श्रोतेही तेच होते. कामगारांचा लढा आणि भाषेचा लढा एकमेकांत मिसळले ते अशा ठिकाणी.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ, मराठवाडा, गुजरात, सौराष्ट्र आणि कच्छ यांसह विशाल द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले आणि यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. १९५७ च्या निवडणुकीत समितीने मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला मोठा धक्का दिला. मुंबई महापालिकाही समितीकडे गेली आणि मीरत खटल्यातील आरोपी मिरजकर १९५८ मध्ये मुंबईचे महापौर झाले. गुजरातमध्ये इंदुलाल याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली महागुजरातची चळवळ चालू होती. अहमदाबादेत ऑगस्ट १९५६ मध्ये गोळीबार होऊन विद्यार्थी मारले गेले होते. दोन्ही बाजूंच्या जनतेला हे राज्य नको होते, हे निवडणुकीने दाखवून दिले आणि अखेर केंद्र सरकारने विभाजन मान्य केले.

३० एप्रिलची मध्यरात्र

मुंबई पुनर्रचना अधिनियमाला २५ एप्रिल १९६० रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. कायद्यात १ मे १९६० हा ‘नियत दिवस’ ठरवलेला होता. कायद्याची रचना बारकाईने पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. त्याने त्या दिवशी नवे राज्य म्हणून निर्माण केले ते गुजरात. गुजरातचा प्रदेश वगळल्यावर उरलेल्या मुंबई राज्याला महाराष्ट्र हे नाव दिले गेले. त्यामुळे मुंबई राज्याची राजधानी, सचिवालय आणि उच्च न्यायालय यांचा वारसा सरळ महाराष्ट्राकडे आला आणि गुजरातसाठी अहमदाबादला वेगळे उच्च न्यायालय त्याच दिवशी सुरू झाले. मुंबई उच्च न्यायालयाचे नाव बदलले नाही.

द्वैभाषिक राज्याच्या विधानसभेत ३९६ सदस्य होते. १ मे रोजी त्यांतील १३२ गुजरातच्या आणि २६४ महाराष्ट्राच्या विधानसभेचे सदस्य ठरले. कर्मचारी, मालमत्ता, कर्ज, कोषागारातील शिल्लक आणि न्यायालयांतील प्रलंबित खटले यांची वाटणी कोणत्या रीतीने व्हावी, हे कायद्याच्या कलमांत लिहिलेले होते. डांग जिल्हा आणि ठाणे व पश्चिम खानदेश जिल्ह्यांच्या सीमेवरील काही गावे गुजरातकडे गेली. सीमेवर दोन्ही भाषा बोलणारी वस्ती असल्याने येथे रेघ ओढणे कोणालाच सोपे नव्हते.

३० एप्रिलच्या मध्यरात्री मुंबईच्या राजभवनात पंतप्रधान नेहरूंच्या उपस्थितीत महाराष्ट्र राज्याची घोषणा झाली. श्रीप्रकाश राज्यपाल आणि यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते. अहमदाबादेत साबरमती आश्रमात रविशंकर महाराज यांच्या हस्ते गुजरातचे उद्घाटन झाले आणि जीवराज मेहता मुख्यमंत्री झाले. तो दिवस रविवारचा होता. ज्या रविवारच्या सुटीसाठी लोखंडे यांनी मुंबईत सभा घेतल्या, त्याच वारी गिरणगावातील कामगार मे दिन आणि राज्याचा पहिला दिवस एकत्र साजरा करत होते.

फ्लोरा फाउंटनजवळ हुतात्मा स्मारक उभे राहिले. हातात मशाल धरलेले कामगार आणि शेतकरी अशी ती दोन शिल्पे आहेत. चौकाचे नाव हुतात्मा चौक झाले. दर १ मे रोजी मुख्यमंत्री तेथे अभिवादन करतात.

राज्यस्थापनेनंतरची १ मे

येथून पुढच्या घटनांत योगायोग उरला नाही. राज्याच्या वर्धापनदिनी नवी व्यवस्था सुरू करण्याची पद्धत सरकारने स्वीकारली.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची व्यवस्था पंचायत राज्याची. बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये देशासाठी त्रिस्तरीय रचना सुचवली होती. महाराष्ट्राने जून १९६० मध्ये वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली स्वतःची समिती नेमली. समितीने मार्च १९६१ मध्ये अहवाल दिला, त्याच वर्षी कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या. मेहता समितीने विकासगटाला, म्हणजे तालुक्याच्या पातळीला, बळ देण्याचा विचार मांडला होता. नाईक समितीने जिल्ह्याची पातळी बळकट केली. प्राथमिक शाळा, दवाखाने, ग्रामीण रस्ते, लहान पाटबंधारे, शेतीविस्तार अशी कामे आणि त्यांचे कर्मचारी जिल्हा परिषदेकडे आले. जिल्ह्यातील विकासाचा कारभार निवडून आलेल्या अध्यक्षाकडे आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे गेला, तर महसूल आणि कायदा-सुव्यवस्था जिल्हाधिकाऱ्याकडे राहिली. महाराष्ट्रातील राजकीय नेत्यांच्या दोन-तीन पिढ्या या सभागृहांत घडल्या. शेतकरी कुटुंबातला माणूस अंदाजपत्रक वाचायला, ठराव मांडायला आणि अधिकाऱ्याला जाब विचारायला येथे शिकला.

दुसरी व्यवस्था भाषेची. राज्य मराठीच्या नावाने झाले, पण फायली इंग्रजीतच होत्या. राज्यस्थापनेनंतर सुमारे दोन महिन्यांनी भाषा संचालनालय सुरू झाले आणि पदांची नावे, प्रशासनातील संज्ञा आणि कायद्याची परिभाषा मराठीत तयार होऊ लागली. आज सहज तोंडी असलेले संचालक, सचिव, अधीक्षक, आयुक्त हे शब्द सरकारी कागदावर स्थिरावले ते पदनाम कोशाच्या आणि त्यानंतरच्या कोशांच्या कामामुळे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा. त्यानुसार १ मे १९६६ पासून काही वर्जित प्रयोजने सोडून राज्याचा सर्व कारभार मराठीतून चालवण्याचे ठरले. केंद्र सरकार आणि इतर राज्ये यांच्याशी होणारा पत्रव्यवहार अशा वर्जित प्रयोजनांत मोडतो. या घटनेची आठवण म्हणून १ मे हा ‘राजभाषा मराठी दिन’ असतो. कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, २७ फेब्रुवारीला, होणारा मराठी भाषा गौरव दिन वेगळा. एक दिवस भाषेच्या साहित्याचा आणि अभिमानाचा, तर दुसरा सातबाऱ्यापासून शासन निर्णयापर्यंत कागद वाचता येण्याच्या हक्काचा. या दोन दिवसांची गल्लत वरचेवर होते.

तिसरी व्यवस्था जिल्ह्यांची. राज्य झाले तेव्हा २६ जिल्हे होते. बॅ. अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना १ मे १९८१ रोजी दोन नवे जिल्हे झाले. औरंगाबाद जिल्ह्यातील जालना, अंबड, भोकरदन, जाफ्राबाद आणि परभणी जिल्ह्यातील परतूर मिळून जालना जिल्हा झाला. रत्नागिरीचा दक्षिण भाग वेगळा होऊन मालवणच्या जलदुर्गाच्या नावाने सिंधुदुर्ग जिल्हा झाला. सावंतवाडी-दोडामार्गच्या माणसाला सरकारी कामासाठी रत्नागिरी गाठणे म्हणजे घाटवळणांचा पूर्ण दिवसाचा प्रवास होता. ओरोसचे मुख्यालय त्याच्या आवाक्यात आले. पुढे १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली आणि भंडाऱ्यातून गोंदिया हे जिल्हे वेगळे झाले. आज जिल्ह्यांची संख्या ३६ आहे.

पूर्ण न झालेले प्रश्न

१ मे १९६० रोजी मागणीप्रमाणे सर्व मराठी भाषक प्रदेश राज्यात आला नाही. ज्या बेळगावात ठराव झाला ते शहर आणि निपाणी, खानापूर, कारवारचा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, राहिला. १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल महाराष्ट्राने नाकारला आणि हा वाद नंतर सर्वोच्च न्यायालयात गेला. सीमाभागातील मराठी लोक १ नोव्हेंबर हा काळा दिवस पाळतात. विदर्भात वेगळ्या राज्याची मागणी करणारे कार्यकर्ते १ मे रोजी निषेध नोंदवतात. विकासाचा अनुशेष आणि नागपूर करारातील आश्वासने यांची चर्चा या दिवशी दरवर्षी होते.

कामगारांच्या बाजूनेही चित्र बदलले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. हा संप औपचारिकपणे कधी मागे घेतला गेला नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. ज्या वस्तीने महाराष्ट्र दिन मिळवून दिला, तिच्यातील अनेक कुटुंबांना मुंबईत राहणे परवडेनासे झाले. गिरणी कामगारांच्या घरांचा प्रश्न त्यानंतर कित्येक वर्षे मे दिनाच्या मोर्च्यांत मांडला गेला. आठवड्याला ४८ तासांचा नियम कामगार कायद्यांच्या कक्षेत येणाऱ्यांना लागू आहे. ऊसतोड, बांधकाम, घरकाम आणि घरोघर माल पोचवण्याचे काम करणाऱ्यांपर्यंत तो प्रत्यक्षात पोचलेला नाही. लोखंडे यांनी मागितलेली आठवड्याची सुटीसुद्धा त्यांतील अनेकांना मिळत नाही.

आज १ मे रोजी महाराष्ट्रात सकाळी जिल्ह्याच्या ठिकाणी पालकमंत्र्यांच्या हस्ते ध्वजारोहण होते आणि मुंबईत शिवाजी पार्कवर संचलन होते. गावोगावच्या ग्रामसभांसाठी ठरलेल्या दिवसांत हा दिवस आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांत झेंडावंदनानंतर मुलांना वार्षिक निकालपत्रक मिळते, म्हणून खेड्यातील मुलांच्या दृष्टीने १ मे हा निकालाचा दिवस आहे. कामगार संघटना संध्याकाळी सभा घेतात. या सर्व कार्यक्रमांचे आयोजक वेगळे असतात आणि एकाच्या मंडपात दुसऱ्याचा उल्लेख क्वचित होतो. इतिहासाने मात्र त्यांना एकत्र बांधलेले आहे. गिरणी कामगार संघटित झाला नसता तर मुंबईसह महाराष्ट्राची चळवळ इतक्या ताकदीने उभी राहिली नसती. राज्य झाले नसते तर मराठीतून चालणारी जिल्हा परिषद, तिची शाळा आणि गावातली ग्रामसभा यांना आजचे रूप आले नसते. १ मेचा इतिहास शिकवताना शिकागो, परळ, फ्लोरा फाउंटन आणि जिल्हा परिषदेचे सभागृह ही चारही ठिकाणे एकाच धड्यात यायला हवीत.